आधी डबा, मग दीपमाला

आमच्या लोहाऱ्यातली दीपमाला जळकी आहे, असं अख्खी गल्ली म्हणते. म्हणू दे. तिच्या जागी मी असते तर भांडी आपटली असती.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. जाहिरातीतल्या महागड्या पावडरीचा डबा घ्यावा का, असं तिनं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "पावडर कायले? घरचंच खा. मोड आलेली मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, अंडी. दोघंही खा. खाल्ल्यानं मूल होतेच असं नाही, तपासण्या बी करा. पण तुह्या अंगात रक्तच नाही."

तेव्हापासून दीपमाला हात धुऊन स्वयंपाकामागं लागली. परसात कोंबड्या पाळल्या. पावसाळ्यात बांधावरची तरोट्याची रानभाजी खुडून आणायची, फुकटची. जवसाची चटणी कुटायची, वरणात शेवग्याचा पाला घालायची. नवरा, संघदीप, खाऊन चांगला गरगरीत झाला. आणि एके दिवशी कळलं, धाकट्या जावेला, प्रज्ञाला, दिवस गेले.

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. निवडलं मी, रांधलं मी, आणि आयत्या बिळावर नागोबा ही! प्रज्ञा दालमिलमध्ये कामाला जायची. तिचा डबा रोज दीपमालाच भरायची. मटकीची घट्ट उसळ, वर उकडलेलं अंडं. कमावती सून, तेव्हा घरात डब्याचा मान पहिला. आता प्रज्ञाला उलट्या झाल्या की दीपमालाला आतून बरं वाटायचं. सासू नलूबाई धाकटीच्या पाठीवरून हात फिरवू लागली की ही परसात जाऊन कोंबड्यांवर खेकसायची.

पुन्हा दवाखान्यात गेली ती भांडायलाच. "तुमी सांगतलं ते समदं केलं. फळ मात्र जावेच्या पदरात!"

सिस्टरनं रक्त तपासलं. होतं तेवढंच कमी.

"काल अंडं खाल्लं?"

"उकडलं ना."

"उकडलं ते ठीक. खाल्लं का?"

दीपमाला बोटांवर मोजू लागली. एक अंडं प्रज्ञाच्या डब्यात गेलं होतं, दुसरं संघदीपच्या ताटात. उसळ सासऱ्यानं आणि दिरानं संपवली. माणसं जेवल्यावर बाया, आणि बायांमध्ये वाढणारी मोठी सून सगळ्यात शेवटी. तिच्या वाट्याला भाकर आणि गंजाचा तळ पुसून निघेल तेवढं कालवण. कुणी हिसकावून घेतलं नव्हतं, तीच वाढत आली होती. हे कळलं तेव्हा तिला प्रज्ञाचा आणखीच राग आला.

मग प्रज्ञाचं डोहाळजेवण आलं. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, वर दीपमालाच्या कोंबडीचं अंडं. नलूबाई म्हणाली, "दीपमाला, वाढाले घे."

दीपमालानं पळी सासूच्या हातात दिली, स्वतःचं ताट घेतलं आणि प्रज्ञाच्या शेजारी मांडी घालून बसली.

"अवं, माणसं जेवाची हायेत अजून!"

"जेवतीन. मले भूक लागली."

प्रज्ञानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आपल्या ताटातलं अंडं उचललं आणि तिच्या ताटात ठेवलं. "ताई, रोज माह्याच डब्यात टाकता. आज तुमी खा."

ते अंडं उचलून तिच्या तोंडावर मारावं, असं दीपमालाला वाटलं. तिनं तोंड फिरवलं, ते अख्खं खाल्लं, आणि वरणासाठी सासूपुढं ताट धरलं.