काठी पडली तेव्हा

मुलुंडच्या शाळेच्या बँडमध्ये मी मोठा ड्रम वाजवायचो. तेव्हा आम्ही कोणत्या धून वाजवल्या ते आता नीटसं आठवत नाही. पण घाटकोपरच्या स्पर्धेत एकदाच पाहिलेली ती मुलगी विसरलो नाही.

ती दुसऱ्या शाळेच्या बँडच्या पुढे चालत होती. हातात चंदेरी काठी, पांढरे हातमोजे, हनुवटी जराशी वर. तिच्यानंतर आमचा नंबर होता, म्हणून आम्ही कडेला उभे होतो. परीक्षकांसमोर तिने काठी उंच फेकली आणि ती तिच्या बोटांना लागून खाली पडली.

मागून ड्रमवाले येत होते. छातीवर ड्रम असला की पायाखालचं दिसत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. आता कोणीतरी आपटणार, असं वाटलं. पण तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. पुढच्याच पावलाला बुटाने काठी बाजूला सारली आणि रिकामा हात ठेक्यात हलवत बँड शेवटपर्यंत नेला.

कप आम्हाला मिळाला. त्यांचं नाव कुठेच आलं नाही.

नंतर ती नळावर दिसली. "काठी उचलली का नाहीस गं?" मी विचारलं.

"मी वाकले असते तर मागचे सगळे थांबले असते ना," असं म्हणून तिने नळाखाली तोंड धरलं. बराच वेळ डोकं वर काढलं नाही. तिचे खांदे हलत होते.

दाबून धरायचा नळ होता तो. मी तो दाबून धरला.