नकाशातली खडकाळ सपाटी

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली आमची पलटण उत्तरेला, हिमनद्यांच्या मुलखात होती. थंडी कसली म्हणता! नाकातला थेंब पडला तर बुटाला पोचा यायचा. शिंकायचं झालं तर समोरच्याला हेल्मेट घालायला सांगायचं. कोरेगावच्या बाजारात हे सांगतो तेव्हा लोक हसतात. हसा. पुढचं मात्र जसं घडलं तसंच आहे.

आम्ही सहाजण पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, होतो; एका रोपानं, म्हणजे दोरानं, एकमेकांना बांधलेले. नकाशा इंग्रजांच्या काळातला, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. गोऱ्या साहेबानं तो तंबूत चहा पीत काढला असावा, असं माझं मत. आमचे कॅप्टनसाहेब मात्र तो पोथीसारखा जपायचे.

रॉकेल संपलं. स्टोव्ह बंद, म्हणजे बर्फ वितळवायची सोय बंद. चौफेर बर्फ आणि प्यायला घोटभर नाही.

"आमच्या जतला बी ह्येच," शिपाई बिरू म्हणाला. "फकस्त माळ पांढरा नसतोय."

दुपारी उतारावर दगडगोटे लागले. साहेबांनी नकाशा उघडला. "हिमनदी ऊपर खतम. यहाँ पत्थर है. रोप खोलो, जल्दी चलो."

"साब, मॅप लय पुराना है," मी म्हणालो. "नदी नीचे सरकी होगी."

"नायक, मॅप तुमने बनाया?"

रोप सुटला.

तेवढ्यात पुढं निळं पाणी चमकलं. जतला टँकर दिसला की भांडं घेऊन पळायचं. मागं राहील त्याला गाळ. बिरूच्या पायांना दुसरं ठाऊकच नव्हतं. दोन्ही हातांत जेरीकॅन घेऊन तो सुटला. "आलं रं, आलं!"

"बिऱ्या, थांब रं!"

खडी खचली. खाली बर्फच होता, आणि बर्फात भेग. बिरू तिच्यात गेला. आमचा रोप त्याच्यापर्यंत पोचेना. मी रेडिओ धरला.

"एक जवान क्रेव्हासमध्ये गिरा है. लंबा रोप भेजो. ओव्हर."

"मॅप पे वहाँ क्रेव्हास नहीं है. ग्रिड दोबारा बताओ. ओव्हर."

ठिकाणाचा आकडा दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा खालून बिरूचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा येत नव्हता.

चौकशीत लिहिलं गेलं : जवानानं परवानगीशिवाय रोप सोडला. मी उलट साक्ष दिली. टेबलावर नकाशा पसरला होता. त्यात खडकाळ सपाटी होती. नकाशाच खरा ठरला.

सुट्टीत जतला गेलो. बिरूचे वडील मेंढरांपाशी बसले होते.

"पानी व्हतं म्हनं तितं?"

"व्हतं की, तात्या. कोयना धरणाएवढं."

"मग पोटभर प्याला आसंल."

"व्हय."

बिरू अजून त्या बर्फातच आहे. पाण्याच्या अलीकडं.