गाडीचा बाटला

जिभाऊंच्या तोंडाला कायम पेट्रोलचा वास यायचा. त्यांनी जन्मात बिडी ओढली नाही, ही आमच्या अख्ख्या चाळीवर देवाची कृपाच म्हणायची.

सुरतेतल्या उधन्याच्या त्या चाळीत ते आमचे शेजारी. मूळचे शिरपूरकडचे, बमरोलीला एका कारखान्यात माग दुरुस्त करायचे. चाळीतली एकुलती एक मोटरसायकल त्यांची, आणि तिचं दुखणंही एकच. टाकीतला गंज नळीत अडकायचा आणि पेट्रोल खाली उतरायचं नाही. मग रोज संध्याकाळी ओट्यावर तपासणी. नळी काढायची, तोंडानं ओढायची, थुंकायचं आणि धार कशी पडते ते बघत बसायचं. तोवर त्यांच्या बायकोला, भाभींना, स्टो पेटवायची मनाई.

"मानसेस्नी उपाशी ऱ्हावानं का?" त्या घरातून ओरडायच्या.

"गाडीनं पोट पहिले भरू दे," जिभाऊंचं ठरलेलं उत्तर.

पुढे दोष टाकीत आहे की खाली, हे पाहायला त्यांनी कंपाउंडरकडून सलाईनची रिकामी बाटली मिळवली. टाकी उतरवायची, बाटलीत पेट्रोल भरून ती खिळ्याला उलटी टांगायची आणि नळी थेट कार्बोरेटरला. येणारा-जाणारा थबकून विचारायचा.

"बिमार शे, भो. बाटला लायेल शे," जिभाऊ गंभीरपणे सांगायचे.

ही सगळी उस्तवार माझ्यासाठी चालली होती, हे मला फार उशिरा कळलं. आदल्या वर्षी माझे दिवस भरले तेव्हा रिक्षा शोधण्यात वेळ गेला, आणि दवाखान्यातून मी रिकाम्या ओटीनं परत आले. आता पुन्हा दिवस भरत आले होते. आमचे हे दिवसपाळीला. जिभाऊ मला यातलं एका शब्दानं बोलले नाहीत. गाडीला मात्र दम भरायचे, "यंदा दगा देशी ते भंगारमां टाकसू!" त्या माणसाची मी कोण लागत होते?

आणि नेमक्या रिक्षांच्या संपाच्या दुपारी मला कळा सुरू झाल्या. टाकी धुऊन उन्हात वाळत पडलेली. गाडी बाटलीवर. जिभाऊंनी एकदा टाकीकडे पाहिलं, मग खिळ्यावरची बाटली काढून भाभींच्या हातात दिली. "हात वर धर. खाले करना ते गाडी बंद पडी." पुढे जिभाऊ, मध्ये मी आणि मागे भाभी, एका हातानं मला आवळून, दुसरा आभाळाकडे. मी कळांनी ओरडत होते, भाभी हात भरून आला म्हणून, आणि जिभाऊ आम्हा दोघींवर, "वर! वर!"

दवाखान्याच्या फाटकात गाडीनं आचके दिले. पेट्रोल संपलं होतं. भाभींचा हात तरी वरच. ते पाहून एक नर्स स्ट्रेचर घेऊन धावली. "आ बेनने बाटलो कोणे चढाव्यो?"

"बेन, ए तो गाडीनो छे!" जिभाऊ सांगत राहिले. ऐकायला कोण थांबतंय! मी रांगेबिंगेशिवाय थेट आत.

मुलगी झाली. सगळा मजला गोळा होईल अशी रडली.

बाहेरचं मला भाभींनी नंतर सांगितलं. रडणं ऐकू आलं तेव्हा जिभाऊ भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. तेवढ्यात कामावरून आमचे हे धापा टाकत आले. नवऱ्याची लाज राखायला भाभी म्हणाल्या, "डोयामां पेट्रोल गये व्हई त्यास्ना."

तर हा माणूस तसाच रडत रडत म्हणतो, "पेट्रोल ते फाटकमांच सरनं!"