चिंचेनं घासलेलं कडं

लेकीच्या एअर रायफलच्या नळीवर, टोकाजवळ, पितळेचं एक जाड कडं स्क्रूनं बसवलेलं असायचं. तिच्या नेमबाजीच्या सरांनी ते दिलं तेव्हा मला वाटलं, आधीच बंदूक जड, त्यात हे ओझं कशाला? तर लेक म्हणाली, "आई, पुढं भार असला की टोक हलत न्हाई." मग पटलं. डोक्यावरची भरली घागर रिकामीपेक्षा स्थिर राहते, हे आमच्या उमरी गावात विहिरीवरून पाणी आणलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

तिच्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी आम्ही दोघी लातूरला खोली घेऊन राहतो. नवरा उमरीला शेती बघतो. डॉक्टरकीची तयारी सोडून पोरगी कागदाला भोकं पाडत बसते, हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नांदेडला निवड स्पर्धा होती. तिथं नंबर लागला तर ठीक, नाहीतर बंदूक विकायची आणि गुमान पुस्तक धरायचं, असं त्यानं बजावून ठेवलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, सुरी, कात्री, सगळं घासून पूजेला मांडतात. मग लेकीचं हत्यार कसं वगळायचं? ती क्लासला गेली होती. कडं काळवंडलेलं दिसलं. रायफलच्या पेटीतली वाकडी किल्ली घेऊन मी स्क्रू सोडला आणि चिंच लावून कडं असं घासलं की त्यात तोंड दिसावं. परत बसवताना नळीवर ओरखडा पडेल या भीतीनं स्क्रूला जोर लावलाच नाही. वर हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, आणि स्वतःवर खूश झाले.

पूजेला मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, हा आमचा नेम. लेकीला सराव करायचा होता. मी हात लावू दिला नाही. वर शहाणपणा शिकवला, "देवाला मान दिला की नंबर लागतोच बघ."

नांदेडला मी मागं खुर्चीत बसले होते. सुरुवातीचे छर्रे बरे गेले. मग एक वर, एक खाली, एक कुठंच्या कुठं. लेक सारखी रायफल खाली ठेवायची, हात झटकायची, परत उचलायची. नंबर हुकला. रायफल पेटीत ठेवताना तिनं कड्याला बोट लावलं, तर ते नळीवर सैल फिरलं. मी बघितलं. तिनं मात्र माझ्याकडं न बघता पेटी लावली आणि म्हणाली, "चल, भूक लागली."

येताना एसटीत मी कड्याचं विचारलं, तर म्हणे, "माझाच हात हलला, आई."

त्या आठवड्यात नवरा रायफल न्यायला लातूरला आला. मी दारातच सांगितलं, "चूक माझी हाय. स्क्रू मी ढिला ठेवला. पोरीचा हात लई चांगला हाय."

तो हसला. "तू आन् बंदूक? तुला टीव्हीचा रिमोट जमंना." मग लेकीकडं वळला. "खरं हाय का गं?"

"न्हाई बाबा," लेक म्हणाली. "मला वाचवायला आई खोटं बोलतीय. कडं घट्ट होतं."

त्याला तेच पटलं. बाईला बंदुकीतलं काय कळतंय! पेटी उचलून तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. आयुष्यात एवढं खरं मी कधी बोलले नव्हते, आणि नेमकं तेच खोटं ठरलं.

तो गेल्यावर मी लेकीवरच चिडले. "खोटं का बोललीस?"

"मॅचआधी स्क्रू बघायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "आन् बाबानं तुला जन्मभर ऐकवलं असतं."

ऐकवलंच असतं. आणि मला ते चाललं असतं.

आता ती पहाटे उठून जीवशास्त्र पाठ करते. घरात मला कोणी अवाक्षर बोलत नाही, आणि तेच सोसत नाही. परवा मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकलं. म्हटलं, निदान त्यावरून तरी ओरडेल. तिनं सगळी भाजी संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायली, ताट घासून ठेवलं आणि क्लासला गेली.