ढगात बसवलेली मेंढरं

आमच्या घरात गेमचं मशीन घ्यायचं की नाही यावरून जे भांडण झालं, त्याच्याशी माझ्या सासूबाईंचा काडीचा संबंध नव्हता. पण ज्या भांडणाशी संबंध नाही त्यात त्या हटकून असतात, हे मला लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

सासूबाई म्हणजे अंबूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. माणूस आटपाडीकडचा, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कळप विकून त्या कराडला आमच्याकडे आल्या, विद्यानगरमधल्या फ्लॅटवर. आल्यापासून इथल्या एकाही गोष्टीला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. पाणी मचूळ, पीठ बेचव, आणि खिडकीतून दिसतं काय, तर दुसऱ्याची खिडकी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर लोकांना गप्प बसवते आणि घरी येऊन हे ऐकते.

माझा नवरा जयराज चाळिशीला टेकला, पण गाड्यांच्या शर्यती खेळायला त्याला टेबल अडवणारं मशीन हवं होतं. मी म्हटलं, एक तर मशीन राहील नाहीतर मी. मग त्यानं मधला मार्ग काढला आणि क्लाउडवरची सेवा घेतली. म्हणजे मशीन कंपनीच्या घरी, गेमही तिथंच, आपल्या टीव्हीवर नुसतं चित्र येणार. धूळ नाही, पसारा नाही, नको झालं की बंद. मी खूश होते. जयराज मात्र आठवड्यात रडकुंडीला आला. यानं वळणावर ब्रेक दाबला की तो कंपनीपर्यंत पोचेतोवर गाडी दरीत. संध्याकाळी सगळी इमारत मोबाईल घेऊन बसली की चित्रावर धुकं. वर गेम आपला नाहीच, त्यांनी काढला की गेला.

"असतोय तरी कुठं ह्यो गेम?" आत्यांनी विचारलं.

"ढगात," जयराज म्हणाला.

"ढगावर कुणी भरवसा ठेवावा व्हय? आमच्याकडं ढग येत्यात, रान बघत्यात आन् म्होरं जात्यात."

एकदा गेमची यादी चाळताना त्याला मेंढपाळाचा एक गेम दिसला. हिरवी टेकडी, मेंढरं रात्री कोंडायचा लाकडी कुंपणाचा वाडा, एक कुत्रं आणि कळप. त्यानं गंमत म्हणून लावला. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि नाक मुरडलं.

"ही कसली मेंढरं? नाकाला बाक न्हाई."

त्यांच्या माडग्याळी मेंढरांची नाकं पोपटासारखी बाकदार, ही बिचारी विलायती. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "कुत्रं उलट्या अंगाला घातलंस की रं. आण हिकडं." असं म्हणून त्यांनी जयराजच्या हातातला कंट्रोलर घेतला. तो काही त्याला परत मिळाला नाही.

ज्या गोष्टींनी जयराज पिसाळायचा, त्यांचं आत्यांना काहीच वाटेना. हाक मारल्यावर मेंढरं उशिरा वळली तर त्या म्हणायच्या, लांब हायत, ऐकू जायाला येळ लागणारच. चित्र धुरकट झालं की म्हणायच्या, धुकं पडलंय, मेंढरं जवळ घ्या. आल्यावर पहिल्यांदा त्या कशाला तरी बरं म्हणाल्या. पाण्याची तक्रार बंद झाली. मीही मनात म्हटलं, क्लाउडला नावं ठेवणाऱ्यांनी आधी सासू सांभाळून दाखवावी.

मग एका जेवणात त्यांना कळलं की कंपनीला दर महिन्याला पैसे आपण देतो. हातातला घास हातात राहिला.

"आपुन देतो? मेंढरं त्यांच्या रानात बसत्यात आन् वर आपुनच द्यायचं?"

त्यांचं म्हणणं असं. उन्हाळ्यात शेतकरी बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो. रात्रभर कळप तिथं बसतो, रानाला लेंडीखत मिळतं आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो. इथं तर कळप रोज त्यांच्याच टेकडीवर बसतोय. जयराजनं समजावलं की त्या मेंढरांच्या लेंड्या खऱ्या नसतात. त्यावर आत्या म्हणाल्या, "मग तुजं पैसं कसं खरं असत्यात?" जयराजनं आमटी वाढून घेतली.

आणि एका सकाळी टीव्हीवर पट्टी आली. महिनाअखेर हा गेम यादीतून काढला जाईल. मी वाचून दाखवलं. आत्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजी माजी मेंढरं?"

"ती पण जातील, आत्या."

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "पयली मी इकली. ही कोण इकतंय?"

मला फार वाईट वाटलं. इथल्या तीन वर्षांत त्या विकलेल्या कळपाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. जयराजनं लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलत होता. आत्यांनी फोन काढून घेतला आणि त्याला मराठीत सांगितलं, "हे बघ बाबा, रान तुमचं, त्ये तुमी ठेवा. मेंढरं माजी हायत. ती मला भायेर काढून दे." त्याला काय कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, आपने जितना खेला है उसकी फाइल मिल जाएगी.

फाइल आली. जयराजनं ती पेनड्राइव्हवर घेतली आणि तो गेम विकतही घेतला. राहता राहिलं चालवायचं मशीन. तो माझ्याकडे बघायला लागला. मी भांडी आवरायला गेले.

आत्यांनी पेनड्राइव्ह हातावर घेऊन जोखला. "सगळी ह्यात हायत?"

"सगळी."

"कुत्रं?"

"ते पण."

त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि गुडघे धरत धरत जिना उतरल्या. मी मागोमाग गेले. खाली सोनियाचं दुकान आहे. ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, त्यासाठी तिच्याकडे गेमही सहज चालेल असं भलंमोठं मशीन आहे.

"पोरी, दुपारचं तुजं रान मोकळंच असतंय न्हवं? चार दिस माजी मेंढरं बसवू दे."

सोनिया माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "आजी, पण मला काय मिळणार?"

"तुजं रान खतावंल की."

सोनियानं जयराजला वरून बोलावून घेतलं. दोघांनी मिळून गेम चढवला, फाइल घातली. पडद्यावर टेकडी आली. नवरा-नवरीला फोटोसाठी बसवायच्या लाल खुर्चीत आत्या बसल्या आणि बोटानं मेंढरं मोजायला लागल्या. एकदा मोजली. पुन्हा मोजली. मग पदरानं डोळे पुसले आणि सोनियाला म्हणाल्या, तुज्या मशीनचा उजेड लय हाय.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो आत्या, घरातच मशीन घेऊ. लोकांच्या दारात कशाला?"

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "रान आपलं कवा हुतं, दीपे? माज्या सासऱ्यानं घेतलं न्हाई, मालकानं घेतलं न्हाई. मेंढरं आपली असली की रान कुणी बी देतंय."

जयराजचं तोंड उतरलं. मशीनची त्याची शेवटची आशाही गेली होती.

"तुमी जावा वर," आत्या म्हणाल्या. "भाकरी टाका. मी मेंढरं वाड्यात घिऊन येती."