धडधाकट माणसांचं रक्त

रुग्णालयाच्या तळघरात प्रयोगशाळा होती आणि तिथे रक्त काढणाऱ्या ताईचा हात इतका हलका, की सुई टोचल्याचं कळायचंही नाही. वय सव्वीस. रोज पहाटे व्यायामशाळेत तासभर घाम गाळायची. आजारपणाची रजा तिला ठाऊकच नव्हती.

ड जीवनसत्त्व मोजणारं नवं यंत्र आलं. ते नीट चालतंय ना हे बघायला तरुण, ठणठणीत माणसांचं रक्त हवं होतं. ताईनं स्वतःला धरून वीस कर्मचारी गोळा केले आणि पहिला दंड स्वतःचाच पुढे केला.

आकडा किमान वीस तरी हवा. तिचा आला नऊ. वीस जणांपैकी चौदा त्या किमान आकड्याच्या खाली.

"यंत्र बिघडलंय. परत पाठवते," विभागप्रमुख डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबा मॅडम, मला एक दिवस द्या."

तिनं त्याच नळ्या जुन्या यंत्रावर चालवल्या. तिथेही नऊच. मग ती एकेकाला गाठून विचारत सुटली, रोज अंगाला ऊन किती वेळ लागतं? आकडे चांगले होते ते बागेतल्या माळ्याचे, फाटकावरच्या पहारेकऱ्याचे आणि अशाच चौघांचे. बाकी सगळे दिवे लागलेल्या खोल्यांतले.

"यंत्र शहाणं आहे, मॅडम," ती म्हणाली. "आपणच उजेड विसरलोय."

घरी आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "पिंढऱ्या दुखतात म्हणून कण्हायचीस, ते मी बघत नव्हते का?"

"ते वजनं उचलून दुखतं गं."

"बरं, तुझंच खरं."

डॉक्टरीणबाईंनी चौदाही जणांना औषध सुरू केलं. आठवड्याला एक गोळी. शिवाय ताईनं भांडून जेवणाची सुट्टी गच्चीवर नेली. लोकांनी नाकं मुरडली. हिशेबनीस तर रोज छत्री उघडून बसायचे आणि गोळीलाही हात लावायचे नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त काढलं. ताई एकतीसवर पोचली होती. हिशेबनीस होते तिथेच, बारावर. ताईच्या पिंढऱ्यांचं दुखणंही थांबलं होतं. ते गोळीनं की आणखी कशानं, हे तिला ठामपणे सांगता येईना. आईला मात्र काडीचीही शंका नव्हती.

त्या वर्षापासून नोकरीवर रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या तपासणीत ड जीवनसत्त्व आलं. त्यासाठीचा अर्ज ताईनंच लिहिला होता, अर्ध्या पानाचा, आणि डॉक्टरीणबाईंनी एक शब्दही न बदलता खाली सही केली.