ऊब येईपर्यंत

"जय भीम, राजे! उठलात का?"

वनस्पती-उद्यानातल्या काचघराचं दार लोटताना द्रौपदीबाई रोज हेच म्हणत. आत निवडुंगांचं वाळवंट, बाहेर बर्मिंगहॅमचा राखाडी फेब्रुवारी. राजे म्हणजे कोस्टाज हमिंगबर्ड, अमेरिकेतल्या वाळवंटातला नर. वजन तीन ग्रॅम आणि गळ्यापाशी दोन्हीकडे झुकलेली जांभळी, झुपकेदार मिशी. दिवसभर घटकाघटकेला साखरपाणी प्यायचं आणि उरलेल्या वेळात आपली हद्द राखायची.

"एकटंच ठेवलंय बिचाऱ्याला," असं कुणी हळहळलं की बाई फणकारत, "त्याला सोबत लागतच नाही. अंडी मादीची, पिलं मादीची. हा नुसत्या मिशा दाखवतो. आमचे यादवराव तरी काय वेगळे होते?"

यादवराव जाऊन चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईंना आता घरात मराठी बोलायला फक्त भिंती होत्या. मुलगा प्रज्ञेश रविवारी एडिनबराहून फोन करी. "आई, घर विकून टाक, इकडे ये."

"माझी ड्यूटी आहे रे," बाई म्हणत. ड्यूटी म्हणजे हौसेनं पत्करलेल्या आठवड्यातल्या पाच सकाळी. फीडर धुवायचा, साखरपाणी भरायचं आणि राजेंशी गप्पा मारायच्या.

त्या मंगळवारी आतून चिवचिव आली नाही. काचघर थंडगार पडलं होतं.

"मावशी," निवडुंगांपाशी उभी असलेली सुचेता म्हणाली. ती कॉव्हेंट्रीत जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी, इथल्या झाडांची माणूस. पक्षी सांभाळणारा सुट्टीवर होता. "रात्री हीटिंग बंद पडला. तुमची पक्षी गेली. आय ॲम सो सॉरी."

राजे फांदीला पायांनी अडकून उलटे लोंबत होते. डोळे मिटलेले. सुचेताच्या हातात पुठ्ठ्याचा छोटा डबा होता.

"ठेव तो डबा."

"पण मावशी, एकदम कोल्ड आहे ती…"

"गार आहे म्हणजे मेला असं नाही. वॉर्डात आम्हाला आधी हेच शिकवलं. ऊब द्यायची. ऊब येऊनही उठला नाही, तर मग गेला म्हणायचं. या पक्ष्यांना तर गारठा पडला की असं निपचित पडून राहायची सवयच असते."

त्यांनी राजेंना अलगद सोडवून ओंजळीत घेतलं. बियांच्या टरफलाएवढंही वजन नव्हतं. मग त्या ओंजळीत तोंड घालून बोलू लागल्या.

"ऐकताय ना? तुम्ही गेलात तर माझी ड्यूटी संपली. मग मला एडिनबराला जावं लागेल हो. खोली तयार आहे तिथे, खिडकी आहे, नात आहे. दीक्षाला माझं एक वाक्य कळत नाही. मी बोलू कुणाशी?"

"मावशी, काही म्हणालात?"

"तुला नाही. बघत काय उभी राहिलीस? साखरपाणी कोमट कर!"

वीस मिनिटं गेली. ओंजळीत काहीतरी थरथरलं, खिशात फोन थरथरावा तसं. मग एक काळा ठिपका उघडला. सुचेतानं चोचीपाशी थेंब धरला. धाग्यासारखी जीभ बाहेर आली, पुन्हा आली. आणि राजे थेट छताला!

तिथून ते वळले आणि शीळ घालत बाईंच्या पांढऱ्या डोक्यावर झेपावले. एकदा, दोनदा.

"मावशी, तुम्हाला हाकलतोय!" सुचेता हसत सुटली.

"हाकलेल नाहीतर काय? त्याची हद्द आहे." बाईंनी डोळे पुसले आणि फीडर धुवायला घेतला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी, मंगळवार असूनही, प्रज्ञेशला फोन लावला.

"आई? एव्हरीथिंग ओके?"

"हो रे. आज ड्यूटीवर काय झालं माहितीये…"

"आई, मीटिंगमध्ये आहे. संडेला सांगशील?"

"सांगते."

रविवार पाच दिवसांवर होता. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. उद्या सकाळी राजेंनाच सगळं सांगू, त्यांनी ठरवलं. ते झोपेत होते. त्यांना काय झालं ते ठाऊकच नसणार.